तोतया पत्र ओळखावे कसे?

‘आपल्या खात्यावर संशयास्पद व्यवहार आढळल्यामुळे ते मर्यादित करण्यात आले आहे. चोवीस तासांच्या आत खालील दुव्यावर जाऊन आपली ओळख पटवावी. अन्यथा खाते कायमचे बंद करण्यात येईल.’ अशा आशयाचे ई-मेल पत्र ज्याच्या हाती एकदाही पडलेले नाही, असा संगणक किंवा मोबाइल वापरणारा मनुष्य आज विरळाच. पत्राच्या माथ्यावर एखाद्या नामांकित पेमेंट-संस्थेचे बोधचिन्ह असते. रंग तेच, अक्षरांचे वळण तेच. तळाशी त्या संस्थेचा पत्ता आणि स्वामित्वहक्काची ओळही असते. एवढे सर्व यथास्थित असूनही पत्र त्या संस्थेने धाडलेले नसते. दुव्यावर बोट ठेवताच जे पान उघडते तेही तिचे नसते आणि तेथे भरलेला परवलीचा शब्द भलत्याच्याच हाती जातो.

या प्रकारास इंग्रजीत ‘फिशिंग’ म्हणतात. १९९०च्या दशकाच्या मध्यास अमेरिका ऑनलाइन या सेवेच्या ग्राहकांना तिच्या कर्मचाऱ्यांच्या नावाने निरोप पाठवून त्यांचे परवलीचे शब्द काढून घेण्याचा उद्योग काही मंडळींनी आरंभिला, तेव्हा हा शब्द रूढ झाला. उच्चार मासेमारीच्या इंग्रजी शब्दाचाच. परंतु प्रारंभीच्या ‘एफ’ या अक्षराऐवजी ‘पीएच’ ही दोन अक्षरे लिहिली जातात. फुकट दूरध्वनी करण्यासाठी तारायंत्रणेस चकविणारे त्यापूर्वीचे हिकमती लोक आपल्या विद्येचे नाव याच अक्षरांनी लिहीत असत, तेथून ही लकब आली. मराठीत याला स्वतंत्र नाव हवे असल्यास आपल्या इतिहासातला ‘तोतया’ हा शब्द पुरेसा आहे. पानिपतावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव सांगत जो पुढे आला आणि ज्यास १७७६ साली पुण्यात देहान्त शासन झाले, त्याचेही भांडवल साम्य आणि लोकांची विश्वास ठेवण्याची तयारी एवढेच होते.

पाकिटावरचे नाव आणि पत्रातले नाव

संस्थेचे नाव भलत्यानेच घालून पत्र धाडता येते, हे टपाल वाहणाऱ्या यंत्रणेस कळत कसे नाही, असा प्रश्न वाचकास पडेल. याचे उत्तर ई-मेलच्या जन्मकथेत आहे. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यामार्फत पत्र पाठविण्याची सोय रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली केली. नाव आणि संगणक यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह घालण्याची पद्धतही त्यांचीच. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जोनाथन पोस्टेल यांनी ‘सिंपल मेल ट्रान्स्फर प्रोटोकॉल’ या नावाने पत्रवहनाचे नियम लिहून काढले. आजही ई-मेल मुख्यतः याच नियमांच्या वारशाने चालते. त्या काळी जाळ्यावर विद्यापीठे आणि संशोधनशाळा यांचे काही शेकडो संगणक होते आणि चालविणारे बहुधा परस्परांस ओळखत होते. तेव्हा पत्र घेऊन येणारा जे नाव सांगेल ते लिहून घ्यावे आणि पत्र पुढे न्यावे, एवढीच अपेक्षा नियमांत होती. ते नाव खरे की खोटे याची शहानिशा करण्याचे कलम त्यांत नव्हते.

कागदी टपालाचीही स्थिती वेगळी नाही. लाल पेटीत पाकीट टाकणाऱ्यास कोणी नाव विचारीत नाही आणि आत कोणाचे शीर्षपत्र वापरले आहे हे पोस्टमनास ठाऊक नसते. ई-मेललाही पाकीट आणि पत्र अशी दोन अंगे आहेत. पाकिटावरचा प्रेषक वाहतुकीच्या वेळी एक संगणक दुसऱ्यास सांगतो. आपल्यासमोर मात्र पत्रातला ‘फ्रॉम’ हा रकाना येतो. दोहोंत भिन्न नावे असली तरी पत्र पोचते. त्यातही मोबाइलच्या लहान पडद्यावर पत्त्याऐवजी बहुधा केवळ प्रदर्शनी नाव दिसते आणि ते तर पाठविणारा आपल्या मर्जीने काहीही लिहू शकतो. म्हणून पहिली सवय लावून घ्यावयाची ती ही, की नावावर बोट ठेवून त्यामागचा संपूर्ण पत्ता उलगडून पाहावा. पत्ता अनोळखी निघाला तर काम तेथेच संपले. ओळखीचा निघाला तर मात्र काम संपले असे समजू नये. त्याचे कारण पुढे येईल.

पेपालचे उदाहरण

पेमेंट-संस्थांत तोतयांचा डोळा सर्वांत आधी ज्या संस्थांवर गेला, त्यांत पेपाल ही एक होय. डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत कॉन्फिनिटी या नावाने स्थापन झालेल्या या कंपनीने पुढल्याच वर्षी ई-मेलद्वारे पैसे पाठविण्याची सेवा सुरू केली. २००२ साली ती ईबे या लिलावाच्या संकेतस्थळाने विकत घेतली. पेपालचे खाते ग्राहकाच्या ई-मेल पत्त्यानेच ओळखले जाते. पैसे आल्याची वर्दी पत्राने, गेल्याची वर्दीही पत्रानेच. ग्राहकास संस्थेचे पत्र येणे ही नित्याची बाब झाली, की तिच्या रूपात येणाऱ्या परक्या पत्रास आडकाठी राहत नाही.

२००० सालीच याचा प्रत्यय आला. कोणी एकाने पेपालच्या नावातील शेवटच्या लहान ‘एल’च्या जागी ‘आय’ हे अक्षर घालून नवा पत्ता नोंदविला. मोठ्या लिपीतील ‘आय’ आणि लहान लिपीतील ‘एल’ ही दोन्ही अक्षरे पडद्यावरील साध्या ठशात एका उभ्या रेघेसारखीच दिसतात. लोकांना पत्रे गेली आणि ती वाचून ग्राहक त्या पत्त्यावर आपले परवलीचे शब्द भरू लागले. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २००३ मध्ये, ‘मायमेल’ नावाच्या संगणक-कृमीच्या नव्या जाती पसरल्या. ‘आपल्या पेपाल खात्याची मुदत संपत आली आहे’ असे सांगणारे पत्र आणि त्यासोबत एक जोडपत्र असा तिचा थाट असे. जोडपत्र उघडताच पेपालचे बोधचिन्ह असलेली खिडकी समोर येई आणि कार्डाचा क्रमांक, त्याची मुदत, एवढेच नव्हे तर गुप्त पिनही मागे. एका जातीच्या जोडपत्राचे नाव तर पेपालच्या संकेतस्थळाच्या पत्त्यासारखेच होते. केवळ त्याच्या शेपटाला ‘डॉट एससीआर’ ही चालू होणाऱ्या कार्यक्रमाची खूण होती. पाहणाऱ्यास तो पत्ता वाटे, संगणकास ती आज्ञा वाटे.

भारतात पेपालने १ एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत व्यवहार बंद केले; परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी मात्र ही सेवा येथे वापरली जाते. इंदूरचा भाषांतरकार, जयपूरचा दागिने घडविणारा किंवा पुण्यात बसून परदेशी मासिकासाठी चित्रे काढणारी चित्रकार यांच्या महिन्याभराच्या श्रमाचे मोल अशा एकेका खात्यात येऊन पडते. त्यांना पैशाची वाट पाहत असतानाच ‘रक्कम अडकली आहे’ असे पत्र आले, तर शंका घेण्यास मन धजत नाही. तोतयास हे पक्के ठाऊक असते. भीती आणि घाई या दोन गोष्टी त्याने पत्रात मुद्दाम पेरलेल्या असतात, कारण घाईतला मनुष्य पत्ता वाचीत नाही.

पत्ता उजवीकडून वाचावा

पत्ता कसा वाचावा हे शाळेत शिकविले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. संकेतस्थळाचे नाव डावीकडून उजवीकडे लिहितात, परंतु त्याचा मालक कोण हे उजवीकडून वाचल्यास कळते. पत्त्याच्या आरंभीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे जावे आणि त्यानंतर जेथे पहिली तिरपी रेघ येते तेथे थांबावे. तिच्या लगेच डावीकडे ‘कॉम’, ‘नेट’, ‘इन’ असा शेवटचा घटक असतो आणि त्याच्या डावीकडच्या टिंबापलीकडे जो शब्द असतो, तो सामान्यतः मालकाचा. ‘को डॉट इन’ यासारखी जोडशेपटे असतात, तेथे आणखी एक पायरी मागे जावे लागते. ‘पेपाल डॉट कॉम डॉट एक्झाम्पल डॉट नेट’ असा पत्ता दिसला, तर तो पेपालचा नव्हे. तो ‘एक्झाम्पल डॉट नेट’च्या मालकाचा आहे आणि त्याने आपल्या घराच्या एका खोलीस पेपालचे नाव दिले आहे इतकेच. (‘एक्झाम्पल’ हे नाव केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले असून ते कोणास विकत मिळत नाही, म्हणून ते येथे निर्धास्तपणे वापरले आहे.) मालकाच्या शब्दात आडवी रेघ घालून ‘सुरक्षा’, ‘सेवा’, ‘पडताळणी’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द चिकटविलेले असले, तर तो अख्खा जोडशब्द एक निराळेच नाव झाला असे समजावे.

पत्रातील निळ्या अक्षरांत जो पत्ता छापलेला दिसतो, तोच दुव्याचा खरा पत्ता असतो असेही नाही. संगणकावर दुव्यावर बाण नुसता नेऊन ठेवला, न दाबता, तर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता उमटतो. मोबाइलवर दुवा दाबून धरल्यास तो दिसतो. ग्रंथालयातील सार्वजनिक संगणकावर हा प्रयोग विद्यार्थ्यांस सहज दाखविता येईल.

डोळ्यांवर मात्र फार विसंबू नये. २००२ साली गाब्रिलोविच आणि गोन्तमाखर या दोघा संशोधकांनी दाखवून दिले, की रशियन लिपीतील काही अक्षरे रोमन अक्षरांहून दिसण्यात मुळीच वेगळी नसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती भिन्न अक्षरे होत. त्यामुळे दिसण्यात एकच, पण मालकीने वेगळे असे दोन पत्ते संभवतात. २००५ साली एका परिषदेत नेमके पेपालचेच नाव रशियन ‘अ’ घालून नोंदवून दाखविण्यात आले, तेव्हा न्याहाळकांच्या निर्मात्यांना जाग आली आणि मिश्र लिपीतील नावे उघड्या सांकेतिक रूपात दाखविण्याची व्यवस्था होऊ लागली. परंतु परकी लिपी हवीच असे कोठे आहे? राचना धमीजा, डग टायगर आणि मार्टी हर्स्ट यांनी २००६ साली बावीस व्यक्तींपुढे वीस संकेतस्थळे ठेवून खरी-खोटी निवडावयास सांगितले. त्यांतील एका खोट्या स्थळाने ‘बँक ऑफ द वेस्ट’ या नावातील ‘डब्ल्यू’च्या जागी दोन ‘व्ही’ शेजारी शेजारी लिहिले होते. बावीसांपैकी वीस जणांनी ते खरे मानले. या मंडळींना तेथे खोटी स्थळे आहेत हे आधीच सांगितलेले होते, ही गोष्ट विसरता कामा नये. ज्याला तसे कोणी सांगितलेले नाही, त्या बेसावध ग्राहकाची फसगत झाली तर त्यास मूर्ख ठरविण्याचा अधिकार आपणांस पोचत नाही.

पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलुपाच्या चित्राविषयीही एक गैरसमज रूढ आहे. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की आपण आणि ते स्थळ यांच्यामधील संभाषण वाटेत कोणास वाचता येत नाही. पलीकडचा गृहस्थ सज्जन आहे असे कुलूप सांगत नाही आणि तोतयासही असे कुलूप विनासायास मिळते. गूगलने आपल्या क्रोम या न्याहाळकातून २०२३ साली हे चित्र काढून टाकले, त्यामागे हेच कारण होते.

मोहर आणि तिची मर्यादा

टपालाच्या नियमांतील उणीव भरून काढण्याचे प्रयत्न मागाहून झाले. संस्थेने आपली पत्रे कोणत्या संगणकांवरून निघतात याची यादी जाहीर करावी, अशी एक योजना. प्रत्येक पत्रावर गणिती कूटाक्षरांची मोहर उमटवावी आणि घेणाऱ्याने ती तपासावी, ही दुसरी. या कामी पेपालने स्वतः पुढाकार घेतला. २००७ साली याहूबरोबर आणि २००८ साली गूगलबरोबर तिने असा ठराव केला, की तिच्या नावाने आलेल्या ज्या पत्रावर तिची मोहर नसेल ते ग्राहकाच्या पेटीत टाकूच नये. याच अनुभवातून २०१२ साली ‘डीमार्क’ हा सार्वत्रिक नियम पुढे आला. पाकिटावरचे किंवा मोहरेवरचे नाव पत्रातल्या नावाशी जुळते की नाही हे त्यात पाहिले जाते आणि न जुळल्यास पत्राचे काय करावे हे संस्था स्वतःच जाहीर करते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पत्रे पाठविणाऱ्यांवर हा नियम बंधनकारक केला आहे.

तेव्हा पेपालचा तंतोतंत खरा पत्ता घालून खोटे पत्र पोचविणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. तोतयांनी यावर दोन तोडी काढल्या. पहिली अशी, की सारख्या दिसणाऱ्या नावाचा आपलाच पत्ता नोंदवावयाचा आणि त्यावर आपलीच मोहर उमटवावयाची. मोहर खरी, माणूस खोटा. दुसरी अधिक धूर्त आहे. पेपालवर कोणीही खाते उघडून कोणासही बिल पाठवू शकतो. २०२२ साली असे आढळून आले, की लबाड मंडळी कोणत्याशा वस्तूचे भलेमोठे बिल पेपालमार्फतच पाठवितात आणि बिलाच्या टिपणात लिहितात, ‘ही खरेदी आपली नसल्यास पुढील दूरध्वनीवर त्वरित कळवावे.’ येथे पत्र खुद्द पेपालच्या यंत्रणेतून निघते, मोहर अस्सल असते, दुवाही अस्सल असतो. खोटा असतो तो केवळ दूरध्वनी क्रमांक. घाबरून त्यावर बोलणाऱ्यास पलीकडचा ‘अधिकारी’ संगणकाचा ताबा देणारा एखादा कार्यक्रम बसवून घ्यावयास लावतो. ओळखीचा पत्ता निघाला म्हणून काम संपत नाही, असे वर म्हटले ते याचसाठी.

या सर्व युक्त्यांस लागू पडणारा एकच उपाय आहे आणि तो फार साधा आहे. पत्रातील दुवा, जोडपत्र आणि दूरध्वनी क्रमांक यांपैकी कशाचाही उपयोग न करता, आपण नेहमी जसे जातो तसे स्वतः पत्ता लिहून किंवा संस्थेचे ॲप उघडून खात्यात जावे. खात्यावर खरोखरच काही अडचण असेल तर ती तेथे दिसेल. नसेल तर पत्र खोटे. पत्राच्या भाषेतील चुका शोधीत बसण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही, कारण यंत्राकरवी निर्दोष इंग्रजी आणि बऱ्यापैकी मराठीही लिहून घेता येते. पेपाल आपल्या पत्रांत ग्राहकास पूर्ण नावाने संबोधते, ‘प्रिय ग्राहक’ म्हणत नाही, ही खूण उपयोगी खरी. परंतु चोरीस गेलेल्या याद्यांतून नावेही तोतयांच्या हाती लागत असल्यामुळे नाव बरोबर असणे हा पत्र खरे असल्याचा पुरावा नव्हे.

परवलीचे शब्द सांभाळणारा कार्यक्रम येथे आपल्या डोळ्यांपेक्षा अधिक विश्वासू ठरतो. तो चित्र पाहत नाही, पत्ता पाहतो. सारख्या दिसणाऱ्या परक्या स्थळावर तो शब्द भरण्याचे नाकारतो. मोबाइलवर येणारा एकवेळचा संकेतांक मात्र तोतया त्याच क्षणी खऱ्या स्थळावर भरू शकतो, म्हणून तो अभेद्य समजू नये. ‘पासकी’ नावाच्या नव्या पद्धतीत किल्ली त्या त्या पत्त्याशीच बांधलेली असते. भलत्या पत्त्यावर ती चालतच नाही.

भारतीय बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये एक स्वागतार्ह पाऊल उचलले. केवळ बँकांसाठी राखलेले ‘डॉट बँक डॉट इन’ हे शेपूट निर्माण करून सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथे येण्याचा आदेश तिने दिला. उजवीकडून पत्ता वाचणाऱ्यास यामुळे मोठाच आधार झाला आहे.

कळवावे कोणास आणि कसे

खोटे पत्र ओळखले, हसून टाकून दिले, असे करणारे पुष्कळ. परंतु तेच पत्र त्याच वेळी हजारो पेट्यांत पडलेले असते आणि खोटे पान जितका वेळ उभे राहील तितका वेळ त्यात कोणी ना कोणी अडकत राहते. पान ज्याच्या संगणकावर ठेवले असेल आणि नाव ज्याच्याकडे नोंदविले असेल, त्यांस कळवून ते उतरवून घेणे संस्थेस शक्य असते. पत्ता न्याहाळकांच्या धोक्याच्या यादीत गेला, की पुढच्या मनुष्यास लाल पाटी दिसते. हे सर्व पहिल्या काही तासांत झाले तरच उपयोगी पडते.

पेपालच्या नावाचे संशयित पत्र ‘फिशिंग ॲट पेपाल डॉट कॉम’ या पत्त्यावर पुढे धाडावे. विषयाची ओळ बदलू नये, मजकूर गाळू नये, पडद्याचे छायाचित्र काढून ते पाठवू नये.  याचे कारण असे, की प्रत्येक पत्राच्या माथ्यावर सहसा न दिसणारा एक मजकूर असतो आणि ज्या ज्या संगणकाने पत्र वाहिले त्याने तेथे आपला शिक्का व वेळ नोंदविलेली असते. सर्वांत अलीकडचा शिक्का सर्वांत वर. छायाचित्रात हे शिक्के नसतातच. पाठवून झाल्यावर पत्र पुसून टाकावे. भारतात केंद्र सरकारची ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ सालापासून अशा घटनांच्या नोंदी घेते.

परवलीचा शब्द देऊन बसला असाल, तर खऱ्या स्थळावर जाऊन तो तत्काळ बदलावा. तोच शब्द अन्यत्र वापरला असल्यास तेथेही, आणि ई-मेलच्या पेटीचा सर्वांत आधी, कारण इतर खात्यांच्या किल्ल्या त्याच पेटीत येत असतात. पैसे गेले असतील तर प्रथम बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे, त्यानंतर ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या शासकीय स्थळावर लेखी तक्रार नोंदवावी. हे स्थळ २०१९ सालापासून आहे. १९३० वर नोंद होताच ती पैसे जेथून गेले आणि जेथे गेले त्या बँकांकडे जाते. रक्कम चोराने काढली नसेल तर तेथेच अडवून धरली जाते. चोर ती एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने हलवीत असतो, म्हणून येथे मिनिटांचा हिशेब आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानेही हाच मुद्दा कायद्याच्या भाषेत मांडला: ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असल्यास बँकेस कळविण्यापूर्वी झालेले नुकसान त्याचे, कळविल्यानंतर होणारे बँकेचे.

लाज वाटते म्हणून पुष्कळ लोक कळवीत नाहीत आणि विशेषतः वयस्कर मंडळी घरच्यांपासूनही ही गोष्ट लपवितात. कायद्याच्या दृष्टीने मात्र फसलेला मनुष्य फिर्यादी आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली नॅसकॉम या संघटनेच्या नावाने धाडलेल्या खोट्या पत्रांच्या दाव्यात हा प्रकार बेकायदेशीर असल्याचे स्पष्ट केले होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ सालच्या दुरुस्तीने आलेल्या ६६-ड या कलमान्वये संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १९३० वर बोलताना व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम, दिनांक व वेळ आणि आपल्या बँकेचे नाव एवढी माहिती हाताशी कागदावर लिहून ठेवावी. आपला पिन, परवलीचा शब्द किंवा संकेतांक तेथेही कोणास सांगावयाचा नसतो.